अस्सलबरहुकूम नक्कल

कोपरखैरण्याच्या पतसंस्थेत
जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर आहे,
शेजारी व्हाउचरांचे गठ्ठे, मोडका टेबलफॅन
आणि हिराजी भोईर.

बावीस वर्षं दर शनिवारी
तो हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळायचा,
डब्याच्या पिशवीत घालून
सायकलच्या कॅरियरला ट्यूबच्या पट्टीनं आवळायचा
आणि बेलापूर रस्ता ओलांडून महाप्याच्या शाखेत पोचवायचा.
त्याआधी फ्लॉप्या होत्या.
"तवा हलकं व्हतं," म्हणतो.

मी आले आणि आठ ओळी लिहिल्या.
रात्री सव्वादोनला त्या आपल्या आपण जाग्या होतात,
दिवसभरात बदललं तेवढंच उचलतात
(कुणाचा हप्ता, कुणाच्या खात्याला लागलेलं वारसाचं नाव),
बंद करून पाठवतात,
पलीकडे ताळा जुळवतात आणि पुन्हा निजतात.

"मंग न्हेतं कोन?" हिराजीनं विचारलं.
कुणी नाही. तार आहे.
"वाटंत कोनी उघरलं तं?"
नाही उघडता येत. कुलूप मी महाप्याला देऊन ठेवलंय,
किल्ली इथून हललेली नाही.
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
कुलूपच देऊन टाकणाऱ्या बाईकडं पाहावं तसं.

दिवाळीच्या तोंडावर महाप्याचं मशीन जळलं.
नवं बसवलं. नाव तेच, नंबर तोच.
त्या रात्री माझ्या आठ ओळी दारातच थांबल्या.
सकाळी जुनी ओळख पुसली, तर पडद्यावर:
या यंत्राला मी ओळखत नाही.
हा त्याचा ठसा.
पुढं जायचं? हो की नाही?

बोट 'हो'कडं निघालंच होतं.
असे किती हो मी न वाचता दिलेत.

"ठसा?" मागून हिराजी.
आणि मग आयेच्या अंगठ्याचं निघालं.
साहेब शाळेच्या व्हरांड्यात बसला होता,
शाईची डबी उघडीच होती,
तिला वाटलं रेशनचं काही असेल.
साडेतीन एकर, भाताची.
तिची नक्कल त्याच्याकडं आहे अजून, दुधाच्या पिशवीत,
खाली शिक्का: अस्सलबरहुकूम नक्कल.
अस्सलावर बिनखिडक्यांची इमारत आहे,
चोवीस तास गार हवा खाते.
"आतमंदी मानसं नायत. निस्ती यंत्रं.
कुनाकुनाचं जपून ठेवलेलं."

मी फोन उचलला, त्यानं हात आडवा केला.
"फोनवर कोनीबी बोलंल. मी बगून येतो."

अर्ध्या तासानं त्याचाच फोन.
शाखेतल्या शर्वाणीनं ठसा पडद्यावर आणून दिला होता,
त्यानं चष्मा लावला होता.
त्रेचाळीस अक्षरं.
"यस मोठा. क्यू बारका. सात. परत सात.
मदी एक तिरपी रेघ हाय, ती पन सांगू?"
तीही सांगा, काका.
मी बोट ठेवून चालले त्याच्यामागं.
एकतिसाव्याला तो थांबला.
"ह्यो शून्य का ओ, माज्यानं ठरत नाय."
शर्वाणीनं अक्षरं मोठी केली. ओ.
बत्तीस. तेहेतीस.
त्रेचाळीस.

तेव्हा कुठं मी 'हो' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसला.
"गेलं ते कललं.
आता परत आनून दाखव."

मी एकच पान मागवलं, त्याच्या बायकोचं,
काशीबाई हिराजी भोईर, खातं दोनशे सतरा.
आलं. उघडलं. पैशापर्यंत जुळलं.
तो बराच वेळ बघत राहिला,
शिलकीकडं नाही,
वरच्या ओळीकडं, जिथं नाव असतं.

"समदंच येतं का असं परत?"

ठेवलेलं असलं तर, म्हटलं.

संध्याकाळी कीबोर्डवर ट्यूबची पट्टी होती,
नीट गुंडाळलेली.