प्रश्न क्रमांक अकरा

ब्रिडलिंग्टन, जून दोन हजार वीस.
मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप,
हेडफोनचा एक कान सेलोटेपने बांधलेला.
कौन्सिलनं मला बारा आठवड्यांसाठी घेतलंय:
एकशे चाळीस धंदे, सतरा प्रश्न, प्रत्येकी वीस मिनिटं.
मी वैजयंती पोंक्षे बोलतेय, म्हणते. दोनदा म्हणते.
तिसऱ्यांदा नुसतं, व्ही.
साथीचा तुमच्या धंद्यावर काय परिणाम झाला?

बंदरावरचा कीथ हसतो, हसता हसता खोकतो,
आणि घाईनं सांगतो, हा सिगरेटचा हं, तो नव्हे.
त्याच्या शेवंडी स्पेनला जायच्या.
तिकडची हॉटेलं बंद, तर इथे पिंजरे पुन्हा पाण्यात,
शेवंडी जिवंत, नांग्यांना निळं रबर.
आमच्या हर्णैच्या शेवंडीला नांग्याच नसतात,
हे मी त्याला सांगत नाही. वीस मिनिटंच असतात.
उलाढालीत घट: पंचाहत्तर ते शंभर टक्के.
टिक.

मिसेस थॉर्नलीचं गेस्टहाऊस, नऊ खोल्या, समुद्राकडे तोंड.
ती रोज सकाळी नऊही नळ पाच-पाच मिनिटं सोडते,
पाणी पाइपात साचून सडू नये म्हणून.
कुणाचंच तोंड धुवायचं नसताना, म्हणते,
आणि मला तिच्यामागे पाणी वाहताना ऐकू येतं.
प्रश्न क्रमांक अकरा: किती कामगार कमी केले?
एकही नाही.
खोटं बोलत नाही ती.
चादरी बदलायला इल्झे यायची, शून्य तासांच्या करारावर.
तिला कुणी काढलं नाही.
तिला फक्त बोलावलं नाही.
शून्यातून आठवड्याचे चाळीस तास गेले,
बाकी शून्य.
एक्सेलनं तो चौकोन हिरवा केला: बदल नाही.

गुरुवारी वॉल्टर बिकरडाइक. किनाऱ्यावर गाढवांच्या फेऱ्या,
आजोबांपासूनचा धंदा, आठ गाढवं, आठ नावांचे पट्टे.
स्पीकरवर टाकतो गं, म्हणाला, हातात पाय आहे.
खूर कापणारा माणूस येत नाही मार्चपासून,
म्हणून स्वतःच बसतो गोठ्यात, एकेक पाय मांडीवर घेऊन.
मला एकटीला हसू फुटलं.
अडला हरी, म्हणजे आमच्याकडं म्हणतात की,
माझ्या इंग्रजीत मी म्हण कशीबशी उभी केली.
तो जरा वेळ गप्प. नुसती कानस चालल्याचा आवाज.
मग म्हणाला, तुमच्या हरीला सांग,
एकदम पाय धरायचा नाही.
आधी खांदा टेकवायचा, त्याचं वजन आपल्यावर येऊ द्यायचं.
आठ तोंडांचं गवत कुठल्या रकान्यात भरू?
'स्थिर खर्च' मध्ये भरलं.

साहेबीणबाईंना शुक्रवारी एक आकडा हवाय.
सरासरी काढली. त्रेचाळीस टक्के.
त्रेचाळीस टक्के गाढव, त्रेचाळीस टक्के नळ.
छान, नेमकं आहे, असं त्यांनी लिहिलं,
आणि शेऱ्यांचा रकाना छापताना गाळायला सांगितला.
माझे दोन आठवडे उरलेत.
अहवालात मीही आहे,
'सर्वेक्षणाचा खर्च' या ओळीत, इतर किरकोळच्या वर.

इल्झेचा नंबर यादीत नव्हता. मिसेस थॉर्नलीनं दिला होता,
तिलाच विचार म्हणून.
रात्री साडेनऊला लावला, इथे तेव्हाही उजेड असतो.
कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी लागलीय तिला,
बस बंद, सायकलवर अकरा मैल.
म्हणजे एक नवी नोकरी. ती मोजली जाते.
मी प्रश्न वाचायला घेतला.
कानात नुसता वारा, आणि चेन घसरल्यासारखा आवाज.
थांब, ती म्हणाली,
चढ आहे.