बोअर आणि विहीर

आप्पांनी हयातीत एकवीस विहिरी फोडल्या.
सब्बल, सुरुंग, खांद्यावर पाट्यांचा घट्टा.
मी बोअरात कॅमेरा सोडतो.
उदगीर, देवणी, जळकोट,
मोटर अडकली की माझा फोन वाजतो.
साडेसहा इंचाचं भोक, चारशे फूट वायर
आणि पडद्यावर पाषाणाचा ओला काळा गळा.

आप्पा हसायचे,
"भोकातनं बघून काय कळलालंय रे तुला?
विहिरीत मानूस उतरतो. भिंतीला हात लावतो.
दगड बोलतो हाताशी."

पोळ्याच्या सुमाराला त्यांचे डोळे पिवळे झाले.
आईनं निलंग्याकडून काविळीची माळ आणली.
माळ गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर
रोज थोडी थोडी उतरली.
पिवळं उतरलं नाही.
रात्री आप्पा भिंतीला पाठ घासत राहायचे
आणि भिंतीचा चुना खाली सांडायचा.

लातूरला काद्री मॅडमनी कागदाच्या पाठीवर
यकृत काढलं, खाली पित्ताची पिशवी,
मधे नळी, काडेपेटीतल्या काडीएवढी जाड.
नळीवर पेन दाबून धरलं. तिथं शाई फुटली.
"गाठ इथंय."

दुर्बिणीनं केलं तर पाच भोकं,
रक्त कमी जातं, माणूस लवकर घरी,
टेबलावर मात्र जास्त वेळ.
उघडून केलं तर इथून इथपर्यंत,
त्यांनी स्वतःच्याच बरगडीखालून बोट फिरवलं.
"माझे हात आत असतात.
शीर फाटली तर बोट ठेवता येतं."

"पण माणूस कशानं जास्त जगतो?" मी विचारलं.
मॅडमनी पेनाला टोपण लावलं.
"छातीवर हात ठेवून कुणी सांगावं
इतकी माणसं अजून मोजलेलीच नाहीत.
आणि दुर्बिणीला जी निवडतात
ती बहुतेक मुळातच सोपी असतात."

हे मला लगेच कळलं.
ढासळलेल्या बोअरात मीही कॅमेरा सोडत नाही
आणि गावोगाव सांगत फिरतो,
आपला कॅमेरा आजवर अडकलेला नाही.

"विहीरच फोडा, मॅडम," आप्पा म्हणाले.
"फोडू. पण आधी एका भोकातून बघणार.
आतल्या पडद्यावर पांढरे दाणे सांडले असतील
तर पोट उघडायचं नाही.
दोन टाके घालून परत पाठवायचं."

आप्पांनी सही केली. दुर्गप्पातल्या 'र्ग'वर
नेहमीसारखेच अडखळले.

सकाळी आठला आत नेलं.
प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी घड्याळ बघत होतो.
लवकर बाहेर आले तर वाईट.
दार हललं की पोटात गोळा.
वॉर्डबॉय चहा घेऊन गेला, तरी गोळा.
आजवर ज्याची भाकरी बारक्या भोकानं भाजली
तो मी, मोठ्या चिरेसाठी हात जोडून बसलेला.
देवणीहून फोन आला. मी कापला.
परत आला. परत कापला.

नवाला पाच कमी असताना सिस्टर आली.
"उघडलंय. अजून सहा-सात तास धरा."

'उघडलंय' ऐकलं आणि आईनं पदर तोंडात कोंबला.
मी तिच्या गुडघ्यापाशी बसलो.
"आई, चांगलंय हे.
आत काढण्यासारखं आहे म्हणून उघडलंय.
नाहीतर वरच्यावर मिटवून दिलं असतं."

कडा साफ निघाल्या का,
मुळं कुठवर गेलीत,
ते आठ-दहा दिवसांनी कागदावर येणार होतं.
ते मी तिला सांगितलं नाही.

ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"एकवीस डाव मी वरून दोर धरलाय ह्या मानसाचा.
आज दोर कुनाच्या हातात हाय, तेवढं इचारून ये."

मी उठलो. दाराच्या गोल काचेतून
काहीच दिसत नव्हतं,
आतला हिरवा पडदा, आणि त्याच्याखाली
कुणाचे तरी घट्ट रोवलेले पाय.