कच्चा टाका

वास्कोत, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. पाटीवर अजून बाबांचं नाव,
खाली मी रंगवलेली एक ओळ:
सगळ्या दलांचे बिल्ले इथे शिवून मिळतील.
पहिलं भांडण 'सगळ्या' या शब्दावरून झालं.

"सगळ्या म्हणजे?" रिबेलो चीफ म्हणाले,
"या गावात दल एकच. बाकीचे पाहुणे."
गावस हवालदार बाकावर चहा फुंकत होते.
"पाहुणेच," म्हणाले. "पण बोटीतून उतरल्यावर
पाय कशावर ठेवतोस, ते सांग त्याला, सुरंगा."

दोघेही निवृत्त.
एकाचे गुडघे गेलेत, दुसऱ्याचा डावा कान.
कशात गेला, मी विचारलेलं नाही.

मला कळतात ते दोरे.
नांगराचा सोनेरी, सुईच्या नाकात हमखास अडणारा.
पंखांचा निळा, जो बघून दाबोळीचा प्रत्येक पोरगा म्हणतो,
आभाळ असं नसतं हो, आम्ही वर जाऊन आलोय.
तटरक्षकची मुक्ता धारगळकर बजावून जाते:
आमचा बिल्ला नौदलाच्या शेजारी टांगू नकोस,
रंग लागेल.
आणि हवालदारांचा हिरवा. तो कधी उरत नाही,
ते दर पावसाळ्यात नवा बिल्ला लावून घेतात,
जुन्याला बुरशी आली म्हणून. आलेली नसते.

मग बायणाच्या किनाऱ्यावर माजी सैनिकांचा मेळावा,
रस्सीखेच, आणि पैज:
हरेल त्याने एक दिवस दुसऱ्याचा बिल्ला छातीवर मिरवायचा.

सोमवारी हवालदार आले, शटर अर्धं असतानाच.
"वाळू ओली होती," म्हणाले.
मी मान हलवली.
"वाळू म्हणजे जमीन. तिने तरी आमच्या बाजूने राहायचं."
जाकीट टेबलावर टाकलं, वर नांगर, पालथा.
"कच्चा टाका घाल. सूर्य बुडाला की ओढून काढणार.
आणि बाये, सरळ लाव. वाकडा लागला
तर तो म्हणेल, यांना नांगरही टाकता येत नाही."

मी पांढऱ्या दोऱ्याने आठ टाके घातले.
पैसे त्यांनी चिल्लर मोजून दिले, दंड भरल्यासारखे.
दिवसभर बाजारात फिरले.
पदेर हसला, मासेवाली हसली,
रिबेलो चीफनी रस्त्याच्या पलीकडून कडक सलाम ठोकला
आणि इतके हसले की त्यांना खोकला आला.

हे जानेवारीतलं.
काल तेच जाकीट चेन बदलायला आलं.
छातीवर फक्त हिरवा, नवाकोरा.
अस्तर उलटलं, चेन उसवायला,
तर आतल्या खिशावर नांगर.
माझा पांढरा टाका तसाच,
त्याच्यावरून जाड हिरवा दोरा,
बुटाला चालेल असा. टाके वेडेवाकडे,
हाताने घातलेले, दिव्याखाली बहुतेक.
ओढून पाहिला. एकही सैल नाही.

मी चेन बसवली. अस्तर मिटलं.
जाकीट खुंटीला लावलं, आणि तेवढ्यात रिबेलो चीफ.
बसले. जाकिटाकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं.
"त्याचं काय होतं?"
"चेन."
"फक्त?"
"फक्त."
चहा येईपर्यंत बोलले नाहीत.
"पितळी बसवलीस? खाऱ्या हवेत धरते ती.
मेणबत्ती घासायची. बोटीवर आम्ही तेच करायचो."
उठताना टोपी नीट केली, दारात थांबले.
"मी सांगितलं म्हणू नकोस."

देवाजवळची अर्धी मेणबत्ती घेतली
आणि चेनीवरून फिरवली, वर, खाली, पुन्हा वर.
संध्याकाळी हवालदारांनी चेन ओढून बघितली,
"मऊ चालते," म्हणाले. "तुझी अक्कल?"
मी म्हटलं, तीस रुपये.