बावीस काळ्या चौकटी

हिल्काआत्याने फोटो परत केला.
"हे कपाळ आहे की बशी?"

कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा तो इवलासा फ्लॅश
टुणकन उठतो
आणि समोरच्याच्या तोंडावर
पिठाची मूठ फेकतो.
मागे भिंतीवर तिची सावली,
डांबराने काढल्यासारखी.
"आणि सुरकुत्या? एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत.
कुठे ठेवल्यास?"

केमीत डिसेंबरचा सूर्य
अकराला येतो आणि दोनच्या आत पळतो,
सही करून सटकणाऱ्या कारकुनासारखा.
त्याच्यावर विसंबून कोण फोटो काढणार.

मी कवळ्या करते.
बोटांना बारीक कामाची सवय आहे.
जुन्या बाजारातून आठ युरोला
दुसरा एक फ्लॅश आणला, थोराड,
त्याला स्वतःचा डोळा आहे:
कुठे लखलखलं की तोही लखलखतो.
तो ठेवला सरपणाच्या पेटीवर,
तोंड पांढऱ्या भिंतीकडे.
आता कॅमेऱ्यावरच्याने फक्त हाक मारायची होती,
आणि स्वतः दिसायचं नव्हतं.

त्यासाठी काळी फिल्म लागते,
स्लाइडची, न टिपलेली पण धुतलेली.
डोळ्याला ती भिंतच,
तरी तांबड्याच्याही पलीकडचा जो उजेड असतो
तो तिच्यातून निघून जातो,
बंद दाराखालून
भाजत्या पावातल्या वेलदोड्याचा वास यावा तसा.

ती घरातच होती.
बाबांचा रोल, त्र्याऐंशीचा उन्हाळा, इनारीचं सरोवर.
तंबू. तंबू. आईची पाठ. पुन्हा तंबू.
चौदाव्या चित्रात एक वल्हं, तेही अर्धं.
आणि पुढे बावीस चौकटी काळ्याकुट्ट,
लॅबने न कापताच गुंडाळून दिलेल्या.
बाबांनी ठेवून दिल्या. ते सुतळीही फेकत नाहीत.

लहानपणी त्या काळोखात मी
काय काय घडवून आणलं होतं:
भांडण, उलटलेली होडी,
आईला न सांगितलेली कुणी बाई.
परवा फोनवर विचारूनच टाकलं.
"बॅटरी गेली असेल," बाबा म्हणाले.
मग जरा थांबून,
"की कंटाळा आला होता? डास फार होते."

दोन चौकटी कापल्या.
एकीतून अजून लालसर गळत होतं, म्हणून एकावर एक.
त्यांना धरायला खाप केली
हिरड्यांच्या गुलाबी अॅक्रिलिकची, कानशीने घासून.
फ्लॅशवर चढवली तर कॅमेरा
कवळी घातल्यासारखा हसायला लागला.

आत्या खुर्चीत बसली, हातात कॉफी.
पहिला फोटो: कोळसा.
दुसरा: कोळसा.
"माझी कॉफी निवते आहे."
तिसऱ्या वेळी कळलं, हा कॅमेरा भित्रा आहे,
खऱ्या लखलखाटाआधी
अंदाज घ्यायला एकदा हळूच चाचपतो,
आणि पेटीवरचा तो उतावळा
चाचपण्यालाच ओ देऊन रिकामा होतो.
चाचपणं बंद केलं. सगळं हाताने लावलं,
पूर्ण ताकदीच्या सोळाव्या हिश्शावर.

मग
खोलीचा एक कोपरा उजळला,
जणू तिथे खिडकी होती आणि आम्हीच विसरलो होतो.

आत्या दचकलीसुद्धा नाही.
"तुझा पेटलाच नाही."
"पेटला."
"मी बघत होते ना त्याच्याकडेच."

पडद्यावर तिचा गाल
उजव्या अंगाने नांगरल्यासारखा,
सरीसरीत थोडा अंधार साठलेला,
ओठावर एक व्रण, जो मी आजवर पाहिला नव्हता,
तो कशाचा ते तिने सांगितलं नाही.
चष्मा वर करून, खाली करून
तिने एकेक सुरकुती तपासली,
बँकेतून आल्यावर नोटा मोजतात तशी.
"भरल्या," म्हणाली. "आता दुसरी कॉफी दे."

रात्री पट्टी परत गुंडाळली,
बाबांच्याच रबराने,
ते तुटलं, मग सुतळीने.
बावीसमधल्या दोन गेल्या.
अजून वीस आहेत.