एक कोटी एक

कळमन्यात रात्री दोनला, वजनकाट्यापाशी,
गेडामनं खोक्यावर खडूनं संख्या मांडली:
दोन टोकांना एकेक, मधे सहा शून्यं.
"एवढी संत्री. सारखी वाटून दाखव."

दोघांत एक उरतं. तिघांत दोन.
सातांत चार उरली, तेव्हा ट्रक हलला.
वरचं एक काहून ठेवलं बे?
आहेराच्या पाकिटावरल्या रुपयासारखं
कुठंच न बसणारं.

"माणसं मोज," तो म्हणे.

अकरा होतो, चहावाली कुसुमबाई धरून.
नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव, प्रत्येकी.
उरलं काहीच नाही.

"आमच्या घरी पाच जणी," कुसुमबाई कप विसळत बोलली.
गेडाम थांबला. "तुझा वाटा नाही फुटत, बाई.
मूळ संख्या आहे ते. एक उरल."

"उरू दे नं."