बरका, दुपारी साडेबारा

साडेबाराला भोंगा होतो.
जून ते ऑगस्ट, साडेतीनपर्यंत
उन्हात काम करायचं नाही, असा इथला कायदा.
फावडी आडवी पडतात. पाईपातलं कढत पाणी थांबतं.
बहराम बलोच गाफखाली गमछा अंथरतो
(गाफ म्हणजे आपली शमीच,
फक्त इथे तिच्याकडे कुणी सोनं मागत नाही).
मी मात्र यंत्र घेऊन लसूणघासाच्या वाफ्यात उकिडवी,
कारण पानांनाही हा कायदा लागू आहे का
ते मोजायची नोकरी माझी.

काचेच्या चिमट्यात एक पान.
आत गेलेली हवा वजा बाहेर आलेली हवा,
उरतो तो पानाने ठेवून घेतलेला कर्बवायू.
सकाळी सातला एकवीस.
दहाला चौदा.
आत्ता तीन.
दोन.
पानाच्या पोटाकडची तोंडं मिटत चालली आहेत,
डोळ्यांना न दिसणारी, हजारोंनी.
पाणी राखायचं तर उपाशी बसायचं,
एवढा हिशेब त्यांना बिनशाळेचा येतो.

आत म्हातारा बसलेलाच आहे.
रुबिस्को.
सेकंदाला जेमतेम तीन कण उचलतो,
म्हणून त्याची भरतीच इतकी, की पान म्हणजे निम्मं तोच.
पाच कर्बांच्या साखरेला सहावा जोडतो.
सहा टिकत नाहीत,
तीन-तीन होऊन लगेच वेगळे निघतात,
आणि त्या तिनांतूनच पुढे सगळं,
खजूर, सदऱ्याचा कापूस, या नोंदवहीचा कागद,
कागदावर टेकलेला माझा अंगठा.

दारं मिटली की आतला कर्ब सरतो,
प्राणवायू तेवढा साचतो,
आणि म्हातारा चुकतो.
हाताला लागेल तो प्राणवायूच साखरेला चिकटवतो,
मग ते निस्तरता निस्तरता
कमावलेलाही कर्ब हवेत परत जातो.
मला आधी राग यायचा.
नंतर कळलं,
तो कामावर रुजू झाला तेव्हा
हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच.
ओळख पटवायची गरजच पडली नव्हती.
हवा बदलली. त्याला कुणी कळवलं नाही.

बांधापलीकडे ऱ्होड्स गवत, उंटांसाठी.
त्याला दुपार सोसते.
त्याच्या घरात दोन खोल्या.
बाहेरच्या खोलीत एक चपळ विकर,
प्राणवायू शेजारून गेला तरी ढुंकून न बघणारं.
ते फक्त कर्ब धरतं, आणि आत नेऊन
म्हाताऱ्यापुढे ढीग घालतं.
म्हातारा तोच, तेवढाच मंद.
चुकायला मात्र जागा ठेवलेली नाही.

मंगळवेढ्याचा शाळूही हेच करतो.
बारावीपर्यंत त्याच्यामधूनच शाळेला गेले,
पानांच्या कडांनी दंड कापून घेतले,
कुणी बोललं नाही आत काय चाललंय ते.

"काय म्हणतंय?"
बहराम झोप मोडून शेजारी येऊन वाकलेला.
"तोट्यात आहे," मी म्हटलं.
तो हसला, पडद्याजवळ तोंड नेऊन.
आणि आत येणाऱ्या हवेचा आकडा
चारशे वीसवरून उडाला तो
साडेआठशेवर.
"आता हे काय?"
"तुझा श्वास."
तो एकदम मागे सरकला,
ओठांवर हात ठेवून, कुणाच्या ताटात पाय पडल्यासारखा.
मग जरा वेळाने, बोटांच्या फटीतून:
"पण घेतलं का त्याने?"

थोडंसं घेतलं.
उघडी राहिलेली काही तोंडं असतीलच,
आणि म्हातारा काही प्रत्येक वेळी चुकत नाही.
किती, ते सांगता येणार नाही,
आकडा स्थिरावलाच नव्हता.

नियमाने ही नोंद बाद.
मी तिच्यावर आडवी रेघ ओढली.
वेळ, बारा पन्नास.
पान, वरून तिसरं.
व्यत्ययाचं कारण, या रकान्यात
आधी 'वारा' लिहिणार होते,
सगळे तेच लिहितात.
मग नाव लिहिलं,
पूर्ण, बापाच्या नावासकट विचारून.