चाळीस बाय साठ

त्या साली साखर पेठेतल्या आमच्या मागावरून
मोराची नक्षी उतरवली.
ऑर्डर होती साध्या करड्या चादरींची,
चाळीस बाय साठ इंच,
नऊ हजार नग, मोगादिशू.

"तिथं तर आपल्याहून ऊन," मी म्हणाले,
"चादर कशाला?"
घडी घालणारा बालनरसय्या
माप पुन्हा बघत म्हणाला, "झाकायला,"
आणि दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.

बहात्तरला मी सात वर्षांची.
जहाजातून आलेला लाल मिलो आई थापायची,
भाकर तव्यावरच फुटायची.
कोणी दिला, का दिला, विचारलं नाही.
पोट दुखायचं, तरी दुसरी मागायचो.

बारा वर्षांनी वरच्या खोलीत वर्सामे आला,
फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला.
शेंगाचटणी खाऊन हसत डोळे पुसायचा.
एकदा वीज गेली तेव्हा जिन्यात बसून म्हणाला:
आधी पोती आली.
मग पोत्यांच्या राखणीला बंदुका,
मग बंदुकांच्या राखणीला हेलिकॉप्टर.
त्याच्या वाऱ्यानं आमचा पत्रा उडाला.
पोत्यांचं पुढं काय झालं,
आठवत नाही, मावशी.

काल होम मैदानावर कुणा मंत्र्याचं हेलिकॉप्टर उतरलं.
वर्सामे जिन्याखाली सापडला,
डोक्यावर माझी धुण्याची बादली.
चहा दिला. कप बशीवर वाजत राहिला.

रात्री टेप काढून जमिनीवर मापलं.
चाळीस बाय साठ.
मोठं माणूस मावत नाही.
सात वर्षांचं मूल मावतं,
वरखाली दुमडायला
चार-चार बोटं उरतात.